पोर्ट ट्रिगरिंग आणि माझा पूर्ण पाठिंबा

तुम्ही नवा मिक्सर आणता. खोक्याच्या तळाशी एक पातळ पुस्तिका असते. ती न उघडता तुम्ही कपाटाच्या वरच्या फळीवर फेकून देता आणि मिक्सर बंद पडला की घरभर शोधत बसता. ती पुस्तिका मी लिहितो. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, पाणी तापवायची यंत्रं, परवा तर पायांना मालीश करणारं यंत्र. तेव्हा यंत्र म्हटलं की मला घाम फुटत नाही. ज्या वस्तूचा वापर मी जगाला शिकवतो तिला मी काय भीक घालणार? आता यातल्या निम्म्या वस्तू मी डोळ्यांनीसुद्धा पाहिलेल्या नसतात, ही गोष्ट आपल्यातच राहू द्या.

म्हणूनच बायको जेव्हा म्हणाली, "अहो, राउटरचं काम आहे, त्या नेटवाल्याला बोलावून घेऊ या का?" तेव्हा माझा स्वाभिमान खवळला.

"नेटवाला कशाला? तो येऊन काय करणार? पुस्तिका उघडून वाचणार. आणि पुस्तिका माझ्याइतकी कोणाला कळते?"

"तुम्ही लिहिता हो. वाचताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही."

बायको अशी मधूनच खरं बोलते. मी दुर्लक्ष केलं.

आता राउटरचं काम मुळात निघालं कसं ते सांगतो. माझी बायको एका छोट्या हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर बसते. बसते म्हणजे काय, ती खिडकी तीच चालवते. कुठलं औषध संपत आलंय, कुठलं फ्रीजमध्ये ठेवायचं, कुठल्या डॉक्टरचं अक्षर कसं वाचायचं, सगळं तिच्या डोक्यात. तिच्या हाताखाली शिकलेली दोन माणसं आज तिचे साहेब आहेत, कारण बढतीचा अर्ज त्यांनी केला आणि हिनं केला नाही. "घरचं सगळं असतं ना," एवढंच ती म्हणायची, आणि मी "हो ना" म्हणायचो. या वेळी मात्र एका मोठ्या हॉस्पिटलात औषध विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली. वयाची अट अशी, की या वर्षी नाही तर कधीच नाही. हिनं एके दिवशी भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "मी अर्ज करतेय."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "खुशाल कर. माझा पूर्ण पाठिंबा आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरायचंय आणि कोणी विसरू देत नाही.

मुलाखत घरूनच व्हायची होती. मुलाखत घेणारे तिघं तीन ठिकाणी बसणार, म्हणून हॉस्पिटलनं त्यांचा स्वतःचा एक बोलायचा प्रोग्रॅम पाठवला होता. जुनाट प्रकरण. चेहरा वगैरे काही दिसायचा नाही, नुसता आवाज, आणि तो रेकॉर्ड होऊन राहायचा. आदल्या आठवड्यात त्यांच्या कॉम्प्युटर विभागानं चाचणी घेतली, तर आमचा आवाज त्यांच्याकडे जात होता आणि त्यांचा आमच्याकडे येत नव्हता. बायको आपली "हॅलो, हॅलो" करतेय आणि पडद्यावर त्यांचा निरोप उमटतोय: तुमचं व्यवस्थित ऐकू येतंय, राउटरमध्ये पोर्ट ट्रिगरिंग करून घ्या.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी असा चेहरा केला, जणू पोर्ट ट्रिगरिंग मी रोज सकाळी दात घासायच्या आधी करतो.

मग राउटरची पुस्तिका काढली. लिहिणारा माझ्याच जातकुळीतला, चार ओळींत कळलं. पण मुद्दा चांगला मांडला होता बेट्यानं. राउटर म्हणजे इमारतीचा वॉचमन. आतला माणूस बाहेर निघाला तर तो कधीच अडवत नाही. बाहेरून कोणी आलं की मात्र विचारतो, कोण पाहिजे? आमचा प्रोग्रॅम एका दारानं बाहेर जायचा, आणि त्याचं उत्तर दुसऱ्याच दारानं परत यायचं. वॉचमन त्या उत्तराला ओळखायचा नाही आणि हाकलून द्यायचा. पोर्ट ट्रिगरिंग म्हणजे वॉचमनला सांगून ठेवायचं, की बाबा रे, आमच्यातलं कोणी या दारानं बाहेर पडलं, की ते दुसरं दार थोडा वेळ उघडं ठेव, आणि तिथनं जो येईल त्याला आमच्याकडे पाठव. गडबड थांबली की दार लाव. झालं. यात नेटवाल्याला बोलावण्यासारखं काय आहे?

पानाच्या तळाला चौकटीत लिहिलं होतं, "टीप". ती मी वाचली नाही.

का नाही वाचली, तेही सांगतो. आमच्या धंद्यात टीप म्हणजे पान रिकामं दिसू नये म्हणून घातलेली भर. कंपनीवाला म्हणतो, "साहेब, इथं जागा उरलीय, काहीतरी टाका." मग आम्ही टाकतो. "टीप: पंखा पाण्यात बुडवू नये." "टीप: इस्त्री चालू असताना तिच्यावर बसू नये." आजवर अशा शेकडो टिपा मी लिहिल्या आणि एकही मनापासून लिहिली नाही. तेव्हा दुसऱ्याची टीप वाचायची म्हणजे हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातला शिळा माल विकत घेण्यासारखं आहे. मी पान उलटलं.

सुरुवातीला मी आत जाण्याच्या दाराचा नंबर बाहेर जाण्याच्या चौकटीत घातला आणि उलट, त्यामुळे घरातलं नेटच बंद पडलं. हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, धाकटी अर्ध्या वाक्यात गोठली!"

सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आल्यात. हॉलमधल्या आरामखुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसतात, मांडीवर टॅब. टॅबवरून रोज दुपारी धाकट्या बहिणीशी बोलतात. काय बोलतात विचारू नका, पण दोघींपैकी एक गप्प झाली तर दुसरीला काळजी वाटते.

"आई, दोन मिनिटं. काम चालू आहे."

"नेटवाला आलाय का?"

"मी करतोय."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि टॅब मिटून ठेवला. दोन मिनिटांचं काम आता दोन मिनिटांत होणार नाही, हे त्यांनी त्या एका शब्दात सांगितलं.

पण झालं हो. नंबर जागच्या जागी घातले, राउटर बंद करून चालू केला, आणि दिवे लागले. आता तपासणार कसं? हॉस्पिटलवाल्यांना परत त्रास द्यायला बायको तयार नव्हती. मग मी डोकं चालवलं. तोच प्रोग्रॅम सासूबाईंच्या टॅबवर टाकला, धाकटीलाही टाकायला लावला आणि टॅबवरून फोन लावला. धाकटीचा आवाज असा खणखणीत आला की सासूबाईंनी दचकून पाय स्टुलावरून काढला. मग बायकोच्या कॉम्प्युटरवरून लावला. तिथंही खणखणीत.

"बघ," मी म्हणालो. "टॅबवर चालतंय, कॉम्प्युटरवर चालतंय. आता कोणीही, कधीही, खुशाल बोला."

बायको हसली. खरंच हसली, आणि "थँक्यू हं" म्हणाली. तिच्या हसण्यानं मला त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि म्हणूनच आज ते आठवलं की कान तापतात.

मुलाखत दुपारची होती. बायकोनं आतल्या खोलीत टेबल पुसून लख्ख केलं. चेहरा दिसणार नव्हता तरी इस्त्रीचे कपडे घातले, वेणी घातली, पाण्याचा ग्लास भरून ठेवला. मी राउटरजवळ पुस्तिका घेऊन उभा. न जाणो, शस्त्रक्रिया चालू असताना सर्जन लागायचाच.

सुरुवात फार छान झाली. तिघंही ऐकू येत होते. एक बाई होत्या, त्या अध्यक्ष, आवाज सरळ आणि धारदार. एक हळू बोलणारे गृहस्थ होते. आणि तिसरे एक खोकणारे. बायको उत्तरं देत होती, आणि मला खरं सांगायचं तर निम्मं कळत नव्हतं, पण पलीकडून "बरोबर", "छान" असं येत होतं. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "जागा जबाबदारीची आहे. लांब यावं लागेल, सकाळी लवकर. काही रविवारीसुद्धा. घरच्यांचं काय म्हणणं?"

"माझ्या मिस्टरांचा पूर्ण पाठिंबा आहे," बायको म्हणाली.

मी उभ्या उभ्या मान डोलावली.

तेवढ्यात दाराशी सासूबाई, काठी टेकत. खुणेनंच विचारत होत्या, धाकटीला लावू का? मी काय सांगितलं होतं? कोणीही, कधीही, खुशाल. मी अंगठा वर केला. त्या समाधानानं हॉलमध्ये गेल्या.

अध्यक्षबाई विचारत होत्या, "आता असं समजा, की सुट्टीच्या दिवशी तुमच्या विभागातला लसींचा फ्रीज…" आणि आवाज गेला. खोकलासुद्धा गेला.

"हॅलो?" बायको म्हणाली. "मॅडम? हॅलो?" तिनं माझ्याकडे वळून बघितलं. चेहरा पांढराफटक.

"घाबरू नकोस," मी म्हणालो आणि टेबलाखाली शिरलो. का शिरलो ते विचारू नका. टेबलाखाली वायरी असतात आणि पुरुषाला अशा वेळी वायरींजवळ असावंसं वाटतं. एक हलवली, दुसरी हलवली. काही नाही.

"अहो, त्यांना आपलं ऐकू जातंय का?"

"छे. लाईन गेली."

"पण चाचणीच्या वेळी त्यांना ऐकू जात होतं ना? आपल्यालाच येत नव्हतं."

बाई बरोबर विचारत होती. पुस्तिकेतही तेच होतं, आतला माणूस बाहेर निघाला तर वॉचमन अडवत नाही. पण मी तज्ज्ञ होतो ना.

"तेव्हा दारच नव्हतं," मी टेबलाखालून समजावलं. "आता दार आहे. दार बंद झालं की दोन्हीकडनं बंद."

"मी बोलले की ही हिरवी रेघ अजून उड्या मारतेय."

"ती शोभेला असते. मला विचार ना."

ती खुर्चीत मागे टेकली. मीही टेबलाखालीच बसून राहिलो, गुडघे पोटाशी. बाहेर यायचा धीर होत नव्हता. आणि मग, देव जाणे कुठून, माझ्या तोंडातून निघालं:

"तसं बघितलं तर एका अर्थी बरंच झालं."

"काय बरं झालं?"

"नाही, म्हणजे… एवढ्या लांब, सकाळी सकाळी. रविवारीसुद्धा. आईंचे व्यायाम कोण करून घेणार? स्वयंपाक? गॅसवाला भर दुपारी येतो, त्याला दार कोण उघडणार?"

"तुम्ही दिवसभर घरीच असता."

"असतो, पण काम करत असतो."

"काल पंख्याची पुस्तिका लिहिताना झोपला होतात."

"विचार करत होतो."

"घोरत?"

मी वायर घट्ट करायचं नाटक केलं.

"पण तुम्ही तर म्हणालात, पूर्ण पाठिंबा आहे," ती म्हणाली. आवाज अगदी हळू.

"आहेच की. पाठिंबा होताच. फक्त मिळू नये असं मनात होतं."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. आजवर हे वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण म्हटलं नव्हतं. टेबलाखालून मला फक्त तिचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत.

"दोनदा मी अर्जच केला नाही," ती म्हणाली. "का नाही केला, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला वाटलं, या वेळी स्वतःहून म्हणालात, म्हणजे मनापासून म्हणालात."

शहाण्या माणसानं इथं गप्प बसावं, नाही तर माफी मागावी. मी काय केलं? विषय बदलायला म्हणून मुलाखत घेणाऱ्यांवर घसरलो.

"अगं, आणि माणसं तरी कसली ती. ती बाई बघितलीस? आवाजावरून कळतं, कडक आहे. तुला पिळून काढील. आणि तो खोकणारा! एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात बसून ज्याला स्वतःचा खोकला बरा करता येत नाही, तो तुझी परीक्षा घेणार?"

दाराशी काठीचा आवाज झाला. सासूबाई उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात टॅब, असा लांब धरलेला की जणू त्याला वास येत होता.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तो खोकणारा म्हणतो, खोकला नाही, ॲलर्जी आहे."



"कोण म्हणतो?" बायकोनं विचारलं.

"मला काय माहीत कोण! मी धाकटीला लावला, तर आत तीन माणसं. मघापासून म्हणतायत, मॅडम, आम्हाला तुमचं सगळं ऐकू येतंय, तुम्हाला आमचं येत नाही का? मी म्हटलं, येतंय की, बोला. पण माझं त्यांना जात नाही. मला वाटलं, आपण मध्ये कशाला पडा, तुमचं घरगुती चाललंय."

आणि टॅबमधून तो सरळ, धारदार आवाज आला. "मॅडम, मी कडक बाई बोलतेय. आता येतंय का?"

मी टेबलाखालून उठलो. टेबल वर होतं हे विसरलो होतो. कपाळाला हात लावला, तर समोर पुस्तिका उघडी पडलेली, आणि तळाला ती चौकट. "टीप: उघडलेलं दार एका वेळी घरातल्या एकाच यंत्राला मिळतं. दुसरं यंत्र त्याच दारानं बाहेर पडलं, तर येणारं सगळं त्याच्याकडे जाईल." म्हणजे सासूबाईंनी धाकटीला हाक मारली आणि वॉचमननं मुलाखत घेणाऱ्या तिघांना उचलून हॉलमध्ये नेऊन बसवलं. आमचं बोलणं मात्र कॉम्प्युटरमधून निघून बिनबोभाट त्यांच्याकडे जात होतं. व्यायामापासून घोरण्यापर्यंत सगळं.

पुस्तिका लिहिणाऱ्यानं भर म्हणून टीप घातली नव्हती. काही माणसं धंदा प्रामाणिकपणे करतात.

"थांबा," मी म्हणालो, "मी एका मिनिटात सेटिंग…"

"हात लावू नका," बायको म्हणाली. मोठ्यानं नाही. पण इतक्या वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. औषधांच्या खिडकीवर हाच लागत असणार.

ती दोन घोट पाणी प्यायली. मग सरळ कॉम्प्युटरकडे तोंड करून म्हणाली, "मॅडम, माफ करा. तुमचा आवाज आमच्या दुसऱ्या यंत्रावर येतोय. ते इथंच ठेवते आणि मी इथून बोलते. आपण पुढं जाऊ या का?"

"चालेल," टॅब म्हणाला.

तिनं टॅब सासूबाईंच्या हातून घेतला. सासूबाई कुरकुरल्या, "धाकटी वाट बघत असेल गं." पण तो फोन तोडायचा नव्हता, तोडला असता तर दारही गेलं असतं. टॅब टेबलावर ठेवला तर त्यातला आवाज कॉम्प्युटरमध्ये शिरून पलीकडच्यांना स्वतःचंच बोलणं परत ऐकू यायला लागलं. मग तो लांब ठेवायचा ठरला. लांब म्हणजे दाराशी, आणि दाराशी ठेवायला काही नव्हतं. मी होतो.

असा मी उंबऱ्यावर उभा राहिलो, दोन्ही हातांत टॅब धरून. त्या टॅबमध्ये माझ्याविषयी सगळं ऐकलेली तीन माणसं. कपाळाला टेंगूळ. हलायचं नाही, बोलायचं नाही.

"तर तो फ्रीजचा प्रश्न," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी लसींचा फ्रीज बंद पडला. पहिल्यांदा काय कराल?"

"पहिल्यांदा कोणाला दार उघडू देणार नाही," बायको म्हणाली. "बंद पडला की जो तो येऊन उघडून बघतो, आणि आत जी थंडी उरलेली असते ती घालवतो. मला समजतं असं वाटणारी माणसं जास्त नुकसान करतात."

खोकणाऱ्यांना जोराची ॲलर्जी आली.

पुढं ती बोलत राहिली. लसी दुसरीकडे कशा हलवायच्या, कुठल्या वापरायच्या, कुठल्या बाजूला काढायच्या, शंका असली तर कोणाला विचारायचं. कुठेही अडखळली नाही. मघाशी ज्या बाईचे पाय मला टेबलाखालून दिसत होते, तीच ही. एवढी वर्षं संध्याकाळी ती दमून यायची आणि मी विचारायचो, "आज काय विशेष?" ती म्हणायची, "काही नाही, नेहमीचंच." नेहमीचं म्हणजे हे होतं. मला लाज वाटली. टॅब धरून हात भरून आले होते, पण खाली करायची हिंमत नव्हती.

शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "आमचे प्रश्न संपले. एक राहिलाय, पण तो तुम्हाला नाही. तुमचे मिस्टर आहेत का तिथं? मघाशी फार मोकळेपणानं बोलत होते."

बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आहे," मी दारातून म्हणालो.

"ऐकू येत नाही."

"आहे, आहे!" मी ओरडलो. कॉम्प्युटर खोलीच्या त्या टोकाला, आणि मला जागा सोडायची नव्हती.

"रविवारी घरी कोण बघणार?"

"मी."

"मोठ्यानं सांगा."

"मी! मी बघणार!" समोरच्या घराची खिडकी उघडल्याचं मला ऐकू आलं.

"आईंचे व्यायाम?" हळू बोलणाऱ्या गृहस्थांनी विचारलं.

"मी करून घेणार!"

"आणि गॅसवाला?" हे खोकणारे.

"मीच!"

"ठीक आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कळवू."

कॉम्प्युटर बंद झाला. सासूबाईंनी माझ्या हातातून टॅब घेतला, कानाला लावला आणि म्हणाल्या, "धाकटे, आहेस का?" होती. टॅब तिच्याशी जोडलेलाच होता ना. मी उंबऱ्यावरून जे काही ओरडलो, ते सगळं तिनं ऐकलं होतं, आणि धाकटीनं ऐकलं म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यागोत्यानं ऐकलं.

त्यानंतर बायको माझ्याशी सासूबाईंमार्फत बोलू लागली. "आई, त्यांना सांग जेवायला वाढलंय." मी शेजारीच बसलेलो असायचो. सासूबाई वळून सांगायच्या, "जावईबापू, वाढलंय हो." भांडण असतं तर परवडलं असतं.

एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या करत होती, तेव्हा मी समोर जाऊन बसलो. पुस्तिका लिहिणाऱ्याला सूचना सुचतात, माफी सुचत नाही. शेवटी म्हणालो, "तुला मिळू नये असं नव्हतं गं मनात. तुला मिळालं तर माझं काय होईल, याची भीती होती."

"तेच ते," ती म्हणाली.

"हो. तेच ते."

तिनं घडी केलेल्या कपड्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. "कपाटात ठेवा. कुठल्या कप्प्यात ते माहीत आहे का?" माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नाही. पण निदान मला विचारलं, आईंना नाही.

आणि जागा तिला मिळाली! फोन आला तेव्हा ती बाथरूममध्ये होती, तो मीच घेतला. पलीकडून अध्यक्षबाई म्हणाल्या, "त्यांना द्या. तुमचं आम्ही ऐकलंय."

आता ती सकाळी लवकर निघते. मी सासूबाईंचे व्यायाम करून घेतो. त्या मोजतात आणि मी पाय वर धरतो, आणि मी घाई केली तर त्या पहिल्यापासून मोजतात. गॅसवाल्याशी माझी दोस्ती झालीय. स्वयंपाकाचं म्हणाल तर, प्रयत्न चालू आहेत.

परवा ती घाईत डबा विसरून गेली. म्हटलं, आपणच नेऊन देऊ. एवढं मोठं हॉस्पिटल, मी पहिल्यांदाच गेलो. औषधांच्या खिडकीशी रांग होती. आत एक बाई मान खाली घालून गोळ्यांच्या पट्ट्या कापत होत्या. माझा नंबर आला.

"मॅडमचा डबा द्यायचा होता," मी म्हणालो. एवढंच.

त्यांची कात्री थांबली. मान अजून खालीच. "त्यांचे मिस्टर ना तुम्ही?"

"हो. तुम्ही ओळखता मला?"

"चेहऱ्यानं नाही."

मग त्यांनी मान वर केली, मला नीट बघून घेतलं आणि आतल्या दोघींना बोलावलं. त्या कामं टाकून आल्या. रांगेतले लोक पाय बदलत उभे होते. खिडकीतल्या बाईंनी डबा हातात घेतला, जरा तोलून बघितला.

"तुम्हीच केलंय?"

"हो," मी म्हणालो.

"केलंय म्हणे," त्यांनी मागे वळून सांगितलं, आणि तिघींनी एकदम मान हलवली, समाधानानं.

डबा मीच भरला होता. झाकणही मीच घट्ट लावलं होतं. आतलं सगळं सासूबाईंनी एका पायावर उभं राहून केलं होतं. पण मनात असेल ते मोकळेपणानं बोलून टाकायची सवय मी हल्ली सोडली आहे.